पालखीच्या मानासाठी खाणकाम

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवात मी पहिल्यांदा सांगितलं, की हल्ली मी खाणीचं काम करते, तेव्हा हॉलमधले सगळे चमचे डिशमध्येच थांबले. शेजारच्या मनोहरबाईंनी आधी माझ्या नखांकडे पाहिलं, मग साडीकडे.

"खाण कुठाय गं तुझी?"

"घरीच. बेडरूममध्ये, खिडकीखाली."

"आणि निघतं काय त्यातून?"

"सध्या तरी नुसती गरम हवा."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. वीसेक वर्षं मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. ते सोडल्यावर काहीतरी हलकंफुलकं करावं म्हणून शोधायला गेले आणि या खाणीत पडले. कॉम्प्युटरवर चालणारी नवी नवी नाणी निघतात, क्रिप्टोकरन्सी म्हणतात ती. प्रत्येक नाण्याला 'मायनिंग' करणारं सॉफ्टवेअर लागतं. ते जगभरातल्या हौशी माणसांनी लिहून फुकट ठेवलेलं असतं, ओपन सोर्स म्हणजे पाककृती भिंतीवर लावून स्वयंपाक करावा तसं. पण नवं नाणं काढणारा प्रत्येक जण पाककृतीत स्वतःचं एखादं तिरपागडं घालतोच. मग ती फुकटची कुदळ त्याच्या खाणीत चालत नाही. ती बसवून देणं हे माझं काम. सोनं कुणाला सापडतं ते मला विचारू नका. कुदळ विकणाऱ्यांच्या घरी मी ते पाहिलेलं नाही आणि खणणाऱ्यांच्या घरी तर मुळीच नाही.

आता हे खणणं म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. मिक्सरच्या भांड्यात चार जिन्नस टाकायचे: खणणाऱ्याचं नाव, वेळ, मागच्या हिशेबाची खूण आणि एक आकडा. नाव, वेळ, खूण ठरलेली; आकडा मात्र तुमच्या मर्जीचा. झाकण लावून फिरवलं की चटणी निघते. नियम असा, की चटणी अमुक एका हिरव्या रंगाची निघाली तरच तुम्ही जिंकलात. आणि हा मिक्सर महालबाड. आकडा एकाने बदलला तर हिरवीची जांभळी होते, काही अंदाजच लागत नाही. म्हणून एकच मार्ग: आकडे टाकत राहायचं आणि फिरवत राहायचं, लाखो, कोट्यवधी वेळा. एकाला सापडलं की बाकीच्यांनी तोच आकडा टाकून एकदा फिरवायचं आणि खात्री करून घ्यायची. याला म्हणतात 'प्रूफ ऑफ वर्क', कामाचा पुरावा. काम कसलं, हे विचारायचं नसतं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक रत्न. कल्याणच्या एका क्लासवाल्यांनी हजेरीचं नाणं काढलं: क्लासच्या सॉफ्टवेअरवर खणा आणि हजेरी कमवा. आठवड्याभरात मुलांनी ते घरच्या कॉम्प्युटरवर चालू ठेवलं आणि अंथरुणात लोळत शंभर टक्के हजेरी मिळवली. टिटवाळ्याच्या एका पापडवाल्या बाईंना नाणं नकोच होतं. दमट हवेत पापड वाळत नाहीत, म्हणून त्यांना रात्रंदिवस गरम राहणारे चार जुने कॉम्प्युटर हवे होते. माझ्या सगळ्या धंद्यात समाधानी म्हणावं असं ते एकच गिऱ्हाईक.

आणि मग बाळकुमहून पुंडलिकशेठ आले.

आले ते सुकटाची पिशवी घेऊनच. पन्नाशीचा, उंच, पांढऱ्याशुभ्र शर्टातला माणूस. सोफ्याच्या कडेला बसून म्हणाले, "मॅडम, मना कामाचा पुरावा पायजे."

"कुणाच्या कामाचा?"

"मशीनच्या. मानसाच्या पुराव्यावर आमच्या गावात कोन विश्वास ठेवत नाय."

ठाण्याच्या कुठल्याशा हॉटेलात त्यांनी क्रिप्टोचं सेमिनार ऐकलं होतं. जेवणासकट. तिथे वक्त्याने सांगितलं, की ज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही, त्यांच्यासाठीच हे तंत्र आहे. पुंडलिकशेठना वाटलं, हा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन गेला असणार.

त्यांची अडचण अशी. बाळकुमला पूर्वी यांची शेतं होती, खाडीच्या बाजूला मिठागरं होती आणि मधोमध एक गल्ली होती. गल्लीच्या तोंडाशी गावदेवीचं देऊळ. जत्रेला पालखी निघायची ती गल्लीतल्या घरांना क्रमाने भेटत जायची. त्यात वादाला जागाच नव्हती, पाय वळतील तसा मान. पुढे बिल्डर आला. बाकीच्या जमिनीवर बाहेरच्यांसाठी टॉवर उभे राहिले आणि गावकीच्या बारा घरांना एक बिल्डिंग मिळाली. म्हणजे बिल्डरने गल्ली उचलली आणि उभी केली.

आता पालखीने कुठून सुरुवात करायची?

वरच्या मजल्यांवरचे म्हणाले, देवी डोंगरावरून उतरते, तेव्हा वरून खाली. खालच्या मजल्यांवरचे म्हणाले, देवी दारातून येते, गच्चीतून नाही, तेव्हा खालून वर. दोन्ही बाजूंनी वाडवडिलांचे दाखले निघाले. त्या वाडवडिलांपैकी एकानेही लिफ्ट पाहिलेली नव्हती. दोन वर्षं पालखी देवळातून हललीच नाही. एकदा चिठ्ठ्या टाकल्या. तर हरलेल्यांनी आरोप केला की जिंकलेली चिठ्ठी आधी फ्रिजमध्ये ठेवून गार केली होती, म्हणजे उचलणाऱ्याच्या हाताला कळावी. चिठ्ठी उचलणारा पाच वर्षांचा होता.

"मग मी एक साधा प्रोग्राम लिहून देते की," मी म्हटलं. "बटण दाबा, घराचं नाव येईल."

"प्रोग्राम तुमी लिवनार. मग लोक बोलतील पुंडलिकनी बाईला फोडली. यो मायनिंगचा सगला उघडा असतो ना? कुनीपन वाचावा, कुनीपन तपासावा. तेच पायजे." त्यांनी आवाज खाली आणला. "नाव पन ठरलंय. मानकॉइन."

मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून थांबले.

"मॅडम, माझी बहीन सुगंधा. गावातच दिलेली, दुसऱ्या मजल्यावर, सगल्यात खाली. मी दहाव्या, सगल्यात वर. जत्रेच्या दिवशी लेकीबाली माहेरी जेवतात, आमची रीत हाय. पन पालखीच नाय, तर जत्रा नाय. दोन वर्सं झाली, ती माझ्या घरी जेवली नाय. लिफ्टमध्ये भेटतो. ती माझ्याकं बघत नाय, आकड्यांकं बघते."

"मग तुम्ही खाली जाऊन बोलवा ना तिला."

"मी क्याला जाऊ? तिचा सासरा खालच्यांचा पुढारी. पालखीचा ठरला की ती आपोआप येल."

"म्हणजे बहिणीला जेवायला बोलवायला तुम्ही क्रिप्टोकरन्सी काढताय?"

"बोलवाला नाय," पुंडलिकशेठ गंभीरपणे म्हणाले. "ठरवाला."

मी काम घेतलं. असं गिऱ्हाईक नाकारायला जितका शहाणपणा लागतो, तितका माझ्या अंगात कधीच नव्हता.

पहिली बैठक त्यांच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये झाली. वरचे एका बाजूला, खालचे एका बाजूला, मध्ये चालण्यापुरती जागा आणि त्या जागेत मी. खालच्यांचे पुढारी काथोडनाना, सुगंधाचे सासरे, पूर्वीचे मिठागरवाले. त्यांच्या मागे स्वतः सुगंधा, चाळिशीची, बोलायला लागली की समोरच्याने घड्याळ बघावं अशी. मी मिक्सर आणि चटणी समजावून सांगितली. नानांनी शांतपणे ऐकलं.

"मशीन दमतं का?"

"तापतं. तापलं की हळू होतं."

"मग मानसासारखाच हाय." त्यांना बरं वाटलं. "आमच्या तीन अटी. पयली, भांड्यात नाव टाकायचा ते देवीचा. कुठल्या घराचा नाव देवीच्या आधी जानार नाय."

"बरं."

"दुसरी, वेल टाकायची ती मुहूर्ताची. गुरव सांगेल ती. नंतर बदलायची नाय."

"नाना, सॉफ्टवेअर ती वेळ मधूनमधून स्वतःच बदलतं. आकडे संपले की..."

"मुहूर्त बदलतं? असलं कसलं सॉफ्टवेअर?"

वरच्या बाजूनेही मान डोलावली. दोन वर्षांत वरच्या-खालच्यांचं पहिल्यांदा एकमत झालं आणि तेही माझ्याविरुद्ध.

"तिसरी, सगल्यांनी एकापासून सुरुवात करायची. मधूनच कुठून तरी सुरू करायचा, ते चोराचं काम."

मी घाईने म्हटलं, "अहो, नाव एकच, वेळ एकच आणि सगळे एकापासून सुरू करणार, म्हणजे बाराही मशीन तेच आकडे त्याच क्रमाने तपासणार. अकरा जणांची मेहनत फुकट. ज्याचं मशीन केसभर पुढे, तोच दर वेळी जिंकेल."

"सगल्यांना सारखाच पायजे," नाना म्हणाले.

"सारखाच," वरच्यांच्या बाजूने पुंडलिकशेठ म्हणाले.

सुगंधा मात्र भावाकडे न बघता मला म्हणाली, "मॅडम, एवढी मशिनं घेताय, वीज जालताय. दादूसला बोला, तोंड वापराला वीज लागत नाय."

हॉलमध्ये हशा झाला. पुंडलिकशेठ छताकडे पाहत राहिले.

मग माझं खरं काम सुरू झालं. मानकॉइनचा सांगाडा पुंडलिकशेठना सेमिनारवाल्यांनी दिला होता. त्यात मिक्सरची पाककृती कुणीतरी फिरवून ठेवली होती. ग्राफिक्स कार्डं लावून कुणी बाजी मारू नये, साध्या कॉम्प्युटरवरच खणता यावं, अशी ती होती. ते आम्हाला हवंच होतं. मी एक ओपन सोर्स मायनर, म्हणजे ती फुकटची कुदळ, घेतला, त्यातली जुनी पाककृती काढून ही नवी बसवली, वेळ बदलणारा भाग बंद केला, मुहूर्ताची वेळ ठोकली. चालू केलं. मशीन गरगर फिरलं, चटणी निघाली, आणि मानकॉइनने ती नाकारली. पुन्हा, पुन्हा नाकारली. मी ओळ न ओळ तपासली. सगळं बरोबर आणि निकाल चूक.

शेवटी सापडलं. मोठा आकडा कॉम्प्युटरमध्ये तुकड्यांनी ठेवला जातो. काही लोक मोठा तुकडा आधी ठेवतात, काही लहान आधी. मायनर वरून खाली वाचत होता आणि मानकॉइन खालून वर. मी डोक्यावर हात मारून घेतला. ज्या भांडणावर मी औषध तयार करत होते, तेच भांडण माझ्या कॉम्प्युटरमध्ये आठवडाभर चालू होतं. फरक इतकाच, की इथे मी एका बाजूला निमूटपणे उलटं केलं, तिने वाडवडील काढले नाहीत.

मग रंगीत तालीम. एकाच दुकानातून आणलेले सारखे बारा कॉम्प्युटर हॉलमध्ये मजल्यांच्या क्रमाने मांडले, प्रत्येक घराचं एक. सोपा रंग ठरवून चालू केलं. पुंडलिकशेठचं मशीन जिंकलं. दुसऱ्यांदा केलं. पुंडलिकशेठ. तिसऱ्यांदाही.

खालच्या बाजूला कुजबूज सुरू झाली. चौथ्या वेळी सुगंधा उठली, एकेका मशीनवर हात ठेवत शेवटच्या टोकापर्यंत गेली आणि भावाच्या मशीनपाशी थांबली. वर बघून म्हणाली, "यो एसी कुनाच्या डोक्यावर हाय?"

सगळ्यांनी वर पाहिलं. हॉलमधला एकुलता एक एसी दहाव्या मजल्याच्या मशीनवर गार हवा सोडत होता. बाकीची तापून हळू होत होती, ते एकटं ताजंतवानं.

"क्रमानी मांडली!" पुंडलिकशेठ ओरडले. "एसी मी नाय लावला, बिल्डरनी लावला!"

"फ्रिजमधली चिट्टी होती, आता फ्रिजमधला कॉम्प्युटर," काथोडनाना म्हणाले आणि उठले. खालचे सगळे त्यांच्यामागे उठले.

"सुगंधे, बस ना," पुंडलिकशेठ म्हणाले. त्या आवाजात क्रिप्टो अजिबात नव्हती.

"मशीनला सांग बसाला," ती म्हणाली आणि गेली.

त्या संध्याकाळी पुंडलिकशेठ मोकळ्या हॉलमध्ये बारा कॉम्प्युटरांसमोर बसून होते. मला म्हणाले, "संपला मॅडम. आता ती जन्मात येनार नाय." मला पहिल्यांदाच या धंद्याचं वाईट वाटलं. एरवीही वाटावं असं त्यात पुष्कळ आहे. इतकी वीज, इतका घाम आणि शेवटी हाती काय, तर घाम गाळल्याचा दाखला. पण तोपर्यंत ज्यांची निराशा मी पाहिली होती, त्यांना श्रीमंत व्हायचं होतं. या माणसाला बहिणीला जेवू घालायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या घरी गेले. चहा आला. मी विचारलं, "नाना, मिठागरात सगळी माणसं एकाच खान्यातलं मीठ ओढायची का?"

"येडी का काय? ज्याचा त्याचा खाना वेगला."

"मग आकड्यांचं का नाही? बारा घरं, बारा खाने. प्रत्येकाने आपल्या खान्यात खणायचं. कुणाची मेहनत फुकट नाही. आणि एसी बंद, सगळ्यांना पंखे."

नानांनी कप खाली ठेवला. सुगंधाने आतून ऐकलं असणार, कारण भांड्यांचा आवाज थांबला होता. नाना म्हणाले, "हां. हे आगरासारखं झाला." मी सुटकेचा श्वास टाकतेय तोच ते पुढे म्हणाले, "पन एक नंबर कुनाच्या खान्यात?"

घ्या! चारशे कोटींच्या वर आकडे वाटायचे होते, सगळ्यांची जिंकण्याची शक्यता अगदी सारखी, आणि बाराही घरांना तो एक नंबर हवा होता. एकाला एक दिला तर बाकीच्यांचा मान गेला. पुन्हा बैठक. पुन्हा वाडवडील. तासाभराच्या आरडाओरड्यानंतर गुरव, जो तोपर्यंत फक्त पान खात होता, म्हणाला, "पयला वाटा देवीचा काढा. नैवेद्य काढतो तसा. उरलेले तुमी वाटून घ्या."

कुणालाच विरोध करता येईना. देवीच्या वाट्याला पहिले एक कोटी आकडे दिले. तिच्यासाठी वेगळं मशीन ठेवायचं का, असं मी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी पुन्हा विचारलं नाही. देवी काय मजुरी करणार? तिचे आकडे तसेच, न शिवलेले ठेवायचे.

आणखी एक गोष्ट ठरवायची होती, रंग किती अवघड ठेवायचा. "पाच मिनटांत निकाल लागला तर लोक बोलतील सेटिंग," नाना म्हणाले. "जेवनाच्या आधी लागावा, पन भूक लागल्यावर." इतकं नेमकं मोजमाप मला कुठल्या बँकेने दिलं नव्हतं. मी हिशेब करून सांगितलं, की साधारण तीन-चार तासांत सगळे आकडे संपतील आणि त्याच्या आत बहुधा एखादा हिरवा रंग सापडेल. "बहुधा" हा शब्द मी दोनदा मोठ्याने म्हटला. तो कुणी ऐकला नाही. आमच्या धंद्यात तो कधीच कुणी ऐकत नाही.

जत्रेच्या दिवशी सकाळी मुहूर्तावर नारळ फुटला आणि बारा मशीन सुरू झाली. मशीनमधले बारा पंखे, वर आणखी बारा टेबलफॅन; हॉलमध्ये बोलणं ऐकू येईना. बेन्जोवाले बाहेर येऊन बसले होते, निकाल लागला की वाजवायला. पालखी देवळात सजून तयार. पुंडलिकशेठ नव्या शर्टात, आणि त्यांच्या घरी दहाव्या मजल्यावर, त्यांनीच मला सांगितलं, एक पाट जास्तीचा मांडलेला.

पहिला तास सगळे स्क्रीनसमोर उभे. दुसऱ्या तासाला बसले. आपापलं मशीन सोडून कुणी जाईना, न जाणो पाठ वळली आणि समोरच्याने काही केलं तर! मग भूक लागली. वरच्यांच्या बायकांनी वरून भाकऱ्या आणल्या, खालच्यांनी खालून कालवण. मधली चालण्यापुरती जागा टोपांनी भरली. आधी ज्याने त्याने आपलं खाल्लं. मग कुणाची तरी भाकरी संपली आणि कालवण उरलं. त्यानंतर कुणाच्या ताटात काय होतं, ते मानकॉइनलाही सांगता आलं नसतं.

सुगंधा मात्र जेवली नाही. तिचं ताट वहिनी पुढे करत होती. ती म्हणाली, "माहेरचा जेवन माहेरात जेवतात, पार्किंगच्या बाजूला नाय."

दुपार कलली. एकेका स्क्रीनवर ओळ येऊ लागली: आकडे संपले. तिसऱ्या मजल्याचे संपले. आठव्याचे. दुसऱ्याचे, म्हणजे नानांचे. शेवटी पुंडलिकशेठचे. बाराही मशीनचे पंखे एकापाठोपाठ एक मंदावले, कुणीतरी टेबलफॅन बंद केले आणि हॉलमध्ये अशी शांतता झाली, की बाहेर बेन्जोवाल्याने ढोलकीवर ठेवलेला हातही उचलला.

"कोन जिंकला?" नानांनी विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हणाले.

"म्हनजे?"

"सगळ्यांनी आपापले आकडे प्रामाणिकपणे तपासले. हिरवा रंग कुणाच्याच खान्यात नव्हता. असं होऊ शकतं, मी म्हटलं होतं, बहुधा. एरवी सॉफ्टवेअर वेळ बदलून पुन्हा सुरू करतं..."

"मुहूर्त बदलनार नाय," गुरव म्हणाला.

पुंडलिकशेठनी डोळे मिटले. मला वाटलं, आता खुर्च्या उडणार. पण काथोडनाना कपाळाला आठ्या घालून काहीतरी मोजत होते. मग त्यांनी विचारलं, "सगले आकडे संपले?"

"सगळे."

"देवीचे?"

"ते... ते कुणी शिवलेच नाहीत."

नाना हळूहळू उठले. "मग राहिला कुठं? बारा घरांत नाय. उरला तिचा वाटा. तिच्याकंच हाय."

माझं गणित मला सांगत होतं, की एवढ्याशा एक कोटी आकड्यांत काही सापडण्याची शक्यता फार थोडी आहे. मिनिटाभरात तपासून खरं काय ते सांगता आलं असतं. माझी बोटं शिवशिवली. पण अख्ख्या हॉलचे हात जोडले गेले होते, आणि नाना मला विचारत होते, "असू शकतं ना मॅडम तिच्या वाट्यात?"

"असू शकतं," मी म्हणाले. हे शंभर टक्के खरं होतं.

ते आकडे मी आजवर तपासलेले नाहीत. कुणी तपासूही देणार नाही.

"देवीनी आपला मान आपल्याकं ठेवला," नाना म्हणाले. सगळ्यांनी "बरोबर" म्हटलं आणि त्या 'बरोबर'नंतर लगेच वरचे म्हणाले, म्हणजे देवळाचा कळस वर असतो तेव्हा वरून, आणि खालचे म्हणाले, म्हणजे देऊळ जमिनीवर आहे तेव्हा खालून. पुन्हा आवाज चढले. पुंडलिकशेठ त्यात नव्हते. ते कोपऱ्यात उभे होते, आणि मग ते चालत मधली टोपांची रांग ओलांडून खालच्यांच्या बाजूला आले. बहिणीसमोर उभे राहिले.

"सुगंधे, पालखी कुठूनपन जाऊंदे. तू जेवाला ये."

सुगंधाने त्यांच्याकडे पाहिलं.

ती म्हणाली, "दोन वर्सं लागली बोलाला?"

"मशीन तापत होता," पुंडलिकशेठ म्हणाले.

ती हसली नाही. पण तिने पदर खोचला आणि सासऱ्यांकडे वळली. "नाना, पालखी वरून काढा. दादूसच्या घरून."

खालच्यांत खळबळ. "सूनबाई, आपला मान!"

"काढा बोलते ना." आणि पालखी देवळातून आली, सामानाच्या मोठ्या लिफ्टमध्ये गुरव, चार भोई आणि सुगंधा अशी दाटीवाटीने दहाव्या मजल्यावर गेली. बेन्जोवाले जिन्याने वाजवत चढले. पाचव्या मजल्यावर त्यांचा ताल चुकला आणि आठव्यावर थांबलाच. पुंडलिकशेठच्या घरी देवीची ओटी भरली. पाटावर सुगंधा बसली, आणि भाऊ स्वतः वाढत होता. मीही जेवले. खालीही जेवले होते, पण कामाचा पुरावा द्यायला हवा.

मग पालखी मजल्यामजल्याने उतरली आणि शेवटी दुसऱ्या मजल्यावर नानांच्या घरी पोचली. तिथे जेवून पुढे उतरलेल्या सुगंधाने आधीच रांगोळी काढून ठेवली होती, समया लावल्या होत्या, जागरणाची सतरंजी अंथरली होती. तेव्हा पुंडलिकशेठच्या लक्षात आलं. शेवटच्या घरी देवी मुक्काम करते. भजन तिथे, जागरण तिथे, गावजेवण तिथे. जुन्या गल्लीत शेवटचं घर ठरलेलं होतं, म्हणून दोन वर्षांच्या भांडणात कुणाला ते आठवलंच नव्हतं. सगळे पहिल्या मानासाठी लढत होते, आणि सुगंधाने भावाला तो हातावर ठेवून देवी आपल्या घरी आणून बसवली होती.

"ही आमची बहीन," पुंडलिकशेठ मला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख असेल तर ते मला दिसलं नाही.

या गोष्टीला वर्ष होत आलं. परवा दुपारी मी जेवायला बसणार तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, मशिनं पुसून ठेवलीत. औंदा शेवटचा मान ठरवाचा हाय. आमच्या वरच्यांचा म्हननं, देवी खालून वर जाते. वाडवडील सांगायचे."

"पुंडलिकशेठ, गेल्या वर्षी तुम्हीच..."

मागून एक आवाज फोनमध्ये घुसला. "खोटा बोलतो मॅडम! देवी वरून उतरते, डोंगरावरून! आमच्या नानांना विचारा!"

"गप गं! मी बोलतोय ना मॅडमशी!"

"सुगंधाताई? तुम्ही कुठून बोलताय?"

"कुठून म्हंजे? दादूसकडं आलेय. वैनीनी वालाचा बिरडा केलाय, जेवतेय. मॅडम, तुमी त्याचा काय ऐकू नका. मशीन वरूनच लावा!"

"खालून!"

"दादूस, भात वाढ आधी!"

दोघांपैकी कुणीही फोन ठेवायला तयार नव्हतं. मी तो स्पीकरवर टाकला, ताटाशेजारी ठेवला आणि माझा भात कालवायला घेतला.